पाठीवरची पट्टी

९ नोव्हेंबर

धाकट्या,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. मुद्दामच लिहिलं नाही.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मी भांडते, आणि मग दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर भलत्याच फ्रेमा बसवत राहते. शिवाय आपलं घर केवढं ते तू विसरला नसशील. पुढच्या खोलीत शिंकलं की मागच्या खोलीतून बाबा ओरडतात, ‘मलम लाव.’ मागच्या खोलीला ते अजून कारखाना म्हणतात. एक शेगडी, दोन पातेली, मेणाच्या लाद्या, आणि पुदिन्याच्या अर्काच्या, निलगिरीच्या, लवंगेच्या तेलाच्या बाटल्या. झाला कारखाना. हल्ली मोजक्याच डब्या भरतात, त्याही जुनी गिऱ्हाइकं हट्टाने मागतात म्हणून.

आईचा आजार हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी हे मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, जणू दार लोटलं की आतलं माणूस बहिरं होतं. बरं होण्याच्या गोष्टी आता संपल्या, दुखू नये एवढंच बघायचं. गोळ्या तिला गिळवत नाहीत, गिळल्या तरी पोटात ठरत नाहीत. म्हणून एक पट्टी दिली आहे. लहानशी, पातळ, कातडीला चिकटवायची. औषध कातडीतून हळूहळू आत जातं, मग काही दिवसांनी पट्टी बदलायची. पण हे मी तुला काय सांगतेय? तू तर हेच करतोस.

हो, मला माहीत आहे. आई रविवारी दुपारी, बाबा झोपले की तुझ्याशी फोनवर बोलते, हे या घरातलं उघड गुपित आहे. बाबांनाही माहीत असणार, कारण त्या वेळी ते नेहमीपेक्षा मोठ्याने घोरतात. आईनेच सांगितलं की तू काचेच्या दोन पेल्यांमध्ये कातडीचा तुकडा ताणून बसवतोस, वरच्या पेल्यात औषध घालतोस आणि खालच्यात किती उतरलं ते मोजतोस. आणि ते जास्त उतरावं म्हणून त्यात मिसळतोस काय, तर पुदिन्याचा अर्क, निलगिरी, लवंग. ऐकून मला आधी हसू आलं, मग राग आला. ज्या मलमाला नावं ठेवून तू घर सोडलंस, त्यातल्याच तेलांवर आता तुझं पोट चालतं. बाबांना हे कोणीही सांगितलेलं नाही.

तो दिवस मला चांगला आठवतो. तुझी पदवी नवीकोरी आणि जिभेला धार. गुडघे धरत आलेल्या सुतारकाकांना तू गल्ल्यावरून सांगितलंस, ‘काका, हे कातडीच्या आत जात नाही. गार लागतं तेवढंच. बाकी काही होत नाही.’ सुतारकाकांनी हातातली डबी परत फळीवर ठेवली. बाबा तिथेच झाकणं पुसत होते. पुढे तुमच्या दोघांत जे झालं त्यात मी पडत नाही. दोघेही एकाच खाणीतले दगड.

तर पट्टी. पहिली छातीवर लावली होती, ती आईने झोपेत ओरबाडून काढली. म्हणून घरी येणाऱ्या सिस्टरने दुसरी पाठीवर लावली, हात पोचणार नाही अशा जागी. ‘पट्टीखाली काही लावू नका, जागा नुसत्या पाण्याने पुसा आणि कोरडी करा,’ असं बाबांना आणि मला बजावून गेली. दुखणं थोडं कमी आहे, पण थोडंच. कूस बदलताना आई ओठ चावते आणि वर मलाच म्हणते, ‘तू जा ग दुकानात, उशीर होईल.’

संध्याकाळी बाबा तिचे पाय चोळतात, आपल्याच मलमाने. तेवढा वेळ तिचा चेहरा सैल होतो. मला मात्र तिच्यासाठी काहीच करता येत नाही. उशी सरळ करते, परत वाकडी करते.

एकदा येऊन जा. बाबांसाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच.

कळावे. लोभ असलाच तर असू दे.

ताई


२७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. नवल नाही. मी आपली एकतर्फी बोलत राहते. नवऱ्याने सोडलेल्या बाईला त्याची सवय असते.

चांगलं आधी सांगते. मधे आठवडाभर पट्टी अशी काही लागू पडली की विचारू नकोस. आई उठून बसली. केस विंचरून मागितले. बाबांना म्हणाली, ‘अहो, तुम्ही दाढी केलीत म्हणून मी दचकले, म्हटलं हा कोण आला घरात.’ बाबा असे खूश की दिवसभर कारखान्यात शीळ घालत होते. त्यांना शीळ येत नाही, नुसतीच फू होते. पण घालत होते.

मला वाटलं, मिळाले आपल्याला काही महिने.

पट्टीचा डिंक तेवढा भिकार. सारखी एखादी कड सुटते. मी वरून साधी चिकटपट्टी मारते, तीही निसटते. सिस्टरला सांगितलं तर म्हणाली, घाम येत असेल. या थंडीत कसला घाम?

आता दुसरं. गेले काही दिवस ती झोपेतच असते. हाक मारली की डोळे उघडते, हसते, आणि वाक्य अर्ध्यावर ठेवून परत मिटते. चमचाभर सूप तोंडात दिलं की गिळायचं विसरते. श्वास इतका सावकाश येतो की पुढचा येईपर्यंत माझाच अडकतो. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हा आजार असाच पुढे सरकतो, मनाची तयारी ठेवा. मन म्हणजे काय बॅग आहे का भरून ठेवायला?

आणखी एक, तू हसशील. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. दिवा मालवला तरी मोठ्या होत नाहीत. दिवसभर लोकांचे डोळेच बघते, म्हणून मला दिसलं. पण चष्म्याच्या दुकानातल्या बाईने डॉक्टरला काय सांगायचं?

बाबा म्हणतात, ‘शांत झोपलीय, झोपू दे. किती दिवसांनी दुखत नाहीये तिला.’ हे खरंच आहे. तिला आता काहीच दुखत नाही. म्हणून मी कशावर रडायचं तेही कळत नाही.

यायचं असेल तर आता ये.

ताई


७ डिसेंबर

धाकट्या,

तू फोन केलास तेव्हा मी एका आजींना जवळचं वाचायला देत होते. तू ‘हं’ म्हणाला नाहीस. कशी आहेस, असंही म्हणाला नाहीस. ‘पट्टीची कड सुटते म्हणजे पाठीला तेल लागतंय. कोण काय चोळतं तिथे?’ एवढंच. मी म्हटलं, कोणी काही नाही, बाबा फक्त पाय चोळतात. तू ओरडलास, ‘ताई, घरी जा आणि आधी पट्टी काढ.’ आजींना तशाच पाटीसमोर बसवून मी धावले.

बाबा आईला कुशीवर वळवून पाठ चोळत होते. शेजारी शेगडीवर गरम केलेली डबी. माझ्याकडे बघून जरा ओशाळले आणि म्हणाले, ‘पट्टीला बोट लावत नाही मी. आजूबाजूलाच.’

दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्याच दिवशी नाकाला कळलं असतं. आपल्या घरात भिंतींना, पडद्यांना, मिठाच्या बरणीलासुद्धा मलमाचा वास. शाळेत मला ‘डबी’ म्हणायचे ते उगीच नाही. त्या वासात आईच्या पाठीचा वास मला वेगळा कसा कळणार होता? मी रोज तिची पाठ पुसत होते, धाकट्या. हाताला बुळबुळीत लागलं की पट्टीच्या डिंकाला शिव्या घालत होते.

पट्टी काढली. आईला उठवलं तर उठेना. इस्पितळात नेलं. त्यांनी सुईतून उतारा दिला आणि ती खाडकन जागी झाली. तिच्याबरोबर सगळं दुखणंही एकदम जागं झालं. ती जे ओरडली ते मी तुला लिहिणार नाही. बाबा बाहेरच्या बाकावर बसून कानांवर हात ठेवून होते.

आता ती घरी आहे. नवी पट्टी, कोरड्या पाठीवर. शुद्धीवर आहे, बोलते, सूप पिते. आणि दुखतं, पहिल्यासारखंच.

तू नंतर फोनवर सगळं समजावून सांगितलंस, ते मला कळलं. पट्टीतलं औषध कातडीने थेंबाथेंबाने आत सोडायचं असतं. पुदिन्याचा अर्क आणि ती तेलं कातडीची वीण सैल करतात, चोळण्याने आणि उबेने आणखीच सैल होते, आणि तीन दिवसांचं औषध घाईने आत शिरतं. म्हणजे तो चांगला आठवडा पट्टीचा नव्हता. बाबांच्या हाताचा होता. आणि नंतरचे दिवसही त्यांच्याच हाताचे.

मी तुला विचारलं होतं, मग थोडंसंच चोळलं तर? त्या आठवड्याइतकंच? तेवढं किती, हे तूच सांगू शकशील असं मला वाटलं. तू म्हणालास, ‘माहीत नाही, ताई. आमच्याकडे कातडीमागे माणूस नसतो.’ आयुष्यभर शिकलास आणि घरच्या उपयोगाचं एवढं एक विचारलं, तर तेच नेमकं तुला येत नाही. चिडून लिहितेय. पण तू खोटं बोलला नाहीस याचं बरंही वाटलं.

बाबांना अजून काही कळलेलं नाही. इस्पितळात ‘औषध जास्त झालं’ एवढंच सांगितलं, म्हणून ते पट्टी बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडताहेत. आणि आई ‘पाठ चोळा हो’ म्हणाली की डबी घेऊन येतात. मी डबी लपवते. पण कारखान्यापासून मलम लपवायचं म्हणजे विहिरीपासून पाणी लपवायचं. सांगावं तर लागणारच.

तू म्हणालास, ‘तूच सांग, माझं तोंड नाही.’ बरा उंटावरून शेळ्या हाकतोस.

ताई


३ जानेवारी

धाकट्या,

सांगितलं.

कारखान्यात गेले. बाबा झाकणांवर कागद चिकटवत होते. मी तू सांगितलंस तसं सांगितलं, तुझंही सांगितलं, की तू कुठे काय काम करतोस आणि कुठल्या तेलांवर. त्यांनी हातातलं झाकण खाली ठेवलं आणि विचारलं, ‘म्हणजे आत जातं?’

मी म्हटलं, ‘हो बाबा. जातं. आणि दुसऱ्यालाही आत नेतं.’

‘तो म्हणाला असं?’

‘तोच म्हणाला.’

त्यांचा चेहरा उजळला, धाकट्या. अगदी क्षणभर. शपथेवर सांगते, सगळी वर्षं त्यांच्या तोंडावरून उतरली. मग मी पुढे काय सांगितलं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. मी तिथून पळून गेले असते तर बरं झालं असतं, पण गेले नाही, आणि ते सगळं मी बघितलं. ते शेगडीशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘तिनेच मागितलं होतं ग. मी स्वतःहून नाही.’ मग तेच पुन्हा म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी आईला हात लावलेला नाही.

पाठ सोड, पायही नाही. कुशीवर वळवायला मला मदत हवी असते, तर शेजारणीला बोलावून आणतात. पाण्याचा पेला देतात तोही स्टुलावर ठेवून मागे सरतात. हात सारखे धुतात, भांड्यांच्या साबणाने, पातेली घासायच्या सोड्याने. बोटांना भेगा पडल्यात. मी म्हटलं, बाबा, मलम केव्हाच गेलं. तर म्हणाले, ‘इतक्या वर्षांचं आहे. ते माझ्याही आत गेलं असणार. तूच म्हणालीस ना, जातं म्हणून.’ हात दाखवून अवलक्षण, ते माझंच.

आईला मी खरं सांगू शकत नाही. तिने मागितलं म्हणून झालं, हे तिला कळायला नको. मग तिला काय दिसतं? नवरा दारात उभा राहतो आणि जवळ येत नाही. परवा तिने मला विचारलं, ‘हे माझ्यावर रागावलेत का ग? मी फार ओरडले त्या दिवशी, म्हणून?’ मी म्हटलं, त्यांचे हात फुटलेत, तुला खरखरीत लागतील म्हणून. ती म्हणाली, ‘लागू देत.’

म्हणून तुला फोन करायला लावला. तू केलास, त्याबद्दल उपकार मानते, खरंच मानते. बाबांनी इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला. ते उभं राहूनच ऐकत होते. तू बराच वेळ बोललास, ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, ‘काय म्हणाला?’

‘म्हणाला, तुमची चूक नाही. म्हणाला, धुतलेल्या, कोरड्या हातातून काही जात नाही. बिनधास्त हात लावा, काही होत नाही.’

‘मग?’

‘तो तेव्हाही म्हणाला होता, काही होत नाही म्हणून.’

ते चिडून बोलले नाहीत. चिडून बोलले असते तर मी भांडले असते. त्यांनी नुसतं सांगितलं, जसं बाहेर पाऊस आहे म्हणून सांगतात. धाकट्या, मला वाटलं होतं या जगात एका माणसाच्या शब्दाने ही गाठ सुटेल, आणि तो माणूस तू. आता माझ्याकडे दुसरं कोणी नाही. सिस्टरने सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं. मी तर त्यांचा हात धरून ओढला, आईच्या पायावर ठेवायला. म्हातारा माणूस, पण हात असा काही मागे खेचला की मीच पडले.

तू येऊन त्यांच्यासमोर आईला हात लाव. तू लावलेलं बघून कदाचित. सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस.

ताई


२८ जानेवारी

प्रिय धाकट्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. परवा तू पोचशील तेव्हा हे तुझ्या उशीखाली असेल. तू आलास की बाबा समोर असतील, घर तर एवढंसं, आणि हे मला त्यांच्यादेखत सांगता येणार नाही. तुझ्या तोंडाकडे बघूनही सांगता येणार नाही.

आई गेल्याचं तुला विमानतळावर कळलं, तेही माझ्या फोनवरून. दोन दिवस आधी निघाला असतास तर, असं मी म्हणणार नाही. ते तू स्वतःला म्हणतच असशील.

ती आजाराने गेली. औषधाने नाही, पट्टीने नाही, मलमाने नाही. डॉक्टरांनी हे बाबांना समोर बसवून सांगितलं, माझ्या विनंतीवरून. त्यांनी मान हलवली. त्यांना किती पटलं ते मला माहीत नाही.

शेवटपर्यंत त्यांनी हात लावला का, हे तू विचारशील. लावला नाही. शेवटच्या सकाळी ती शुद्धीवर होती. तिने पांघरुणातून हात बाहेर काढून त्यांच्या बाजूला ठेवला, तळवा वर करून. ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी तो हात बघितला. ते पुढे आले, अगदी जवळ आले, आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी म्हटलं, ‘बाबा, धरा.’ ते म्हणाले, ‘आता तिला काही होऊ देऊ नकोस.’ मग तो हात मी धरला. तिला माझा कळला की त्यांचा वाटला, हे मला कधीच कळणार नाही. मी मुद्दामच काही बोलले नाही.

नंतर सिस्टर आली. तिने आईला पुसलं, पाठीवरची पट्टी काढली. बाबा दारातून बघत होते. त्यांनी विचारलं, ‘काढली का?’

‘काढली, बाबा.’

‘पूर्ण? कडबिड राहिली नाही ना?’

सिस्टरने पट्टी त्यांना दाखवली, घडी घातली आणि आपल्या डब्यात टाकली. मग सिस्टरला नाही, मला त्यांनी विचारलं, ‘आता आत काही जाणार नाही ना?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘नक्की?’

‘नक्की, बाबा.’

‘मग चोळलं तर चालेल?’

मी सिस्टरकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. मी म्हटलं, ‘चालेल.’

ते कारखान्यात गेले. शेगडी पेटल्याचा आवाज आला. डबी गरम करून, फडक्यात धरून घेऊन आले, गार लागू नये म्हणून नेहमी आणत तशी. मी आणि सिस्टरने आईला कुशीवर वळवून धरलं. त्यांनी दोन्ही तळव्यांना मलम लावलं, तळवे एकमेकांवर घासले, आणि खांद्यांपासून सुरुवात केली. त्यांच्या बोटांच्या भेगांत ते झोंबत असणार. तोंडावर काही दिसलं नाही. पट्टीच्या जागेचा चौकोन राहिला होता, त्यावरूनही त्यांनी हात फिरवला, सावकाश.

मग ते थांबले आणि रोजच्यासारखं विचारलं, ‘इथे, का जरा वर?’

मी म्हटलं, ‘जरा वर.’